मेकॅनम चेसिस आडवा सरकवला की वळतो. दोष सांगाड्याचा की प्रोग्रॅमचा?

तिसरं वर्ष मेकॅनिकल:
नमस्कार. सांगलीजवळच्या कॉलेजची आमची टीम यंदा रोबोकॉन या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेसाठी पहिल्यांदाच चार मेकॅनम चाकांचा (कडेला तिरके रोलर असलेली चाकं, त्यामुळे रोबो न वळता आडवाही सरकतो) रोबो करतेय. चेसिस, म्हणजे सांगाडा, ७०० बाय ७०० मिलिमीटर, २५ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम चौकोनी पाइप, जाडी दीड मिलिमीटर. आठवड्यापूर्वी आर्गन वेल्डिंग करून आणला. स्टँडवर उचलून ठेवला की चारही एन्कोडर (चाकांचे फेरे मोजणारे सेन्सर) सारखे आकडे देतात. जमिनीवर पुढे-मागे ठीक जातो, पण आडवा सरकवला की तोंड डावीकडे फिरवतो. पोरं तीन रात्री प्रोग्रॅममधले पीआयडीचे (मोटरांचा वेग सांभाळणारे) आकडे बदलत बसलीत. मला राहून राहून वाटतंय की सांगाडाच पिळलाय. पण ते सगळ्यांना पटवून कसं देऊ? आणि वेल्ड झालेला सांगाडा आता सरळ होतो का?

उद्यमनगरचा लेथवाला:
बाळ, तुझा संशय बरोबर आहे. कोल्हापुरात तीस वर्षं लेथ चालवतोय, पिळलेले सांगाडे रोज बघतो. पोरांना आधी लॅपटॉप मिटायला सांग.

वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या काप, चारही चाकांखाली घाल आणि एकेक ओढून बघ. जी अलगद निघेल ते चाक हलकं. तिच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यातली पट्टीही सैल लागेल. मेकॅनमला आडवं जायला चारही चाकांची पकड लागते. पकड कुठं कमी, कुठं जास्त झाली की ओढ असमान होते आणि रोबो तोंड फिरवतो.

मग चाकं काढून सांगाड्याच्या वरच्या कोपऱ्यांवरून दोन दोऱ्या तिरक्या ताणून बांध, फुलीसारख्या. सांगाडा सपाट असेल तर मधोमध दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकतील. फट दिसली तर पीळ आहे. फट नाही दिसली तरी दोऱ्या खाली-वर अदलाबदल करून परत बघ, कारण खालची दोरी वरचीला रेटत असेल तर फट दिसतच नाही. मध्ये जेवढी फट, त्याच्या दुप्पट एक कोपरा उचललेला असतो.

कारण सांगतो. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. एक कोपरा पुरा वेल्ड करून मग दुसरा धरला, की आकसताना सांगाडा ओढला जातो. आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारायचे, जॉब सपाट टेबलाला क्लॅम्प करायचा, मग समोरासमोरचे सांधे आलटून पालटून भरायचे.

आता तो तापवून किंवा दाबून सरळ करू नकोस. वेल्डशेजारी धातू मऊ पडलेला असतो, स्पर्धेत तिथंच चीर जाईल. ट्रॅक्टरचा पुढचा आस बघितलायस ना? मधोमध एका पिनवर झुलतो, म्हणून वरंब्यावर चढला तरी चारही चाकं जमीन धरून असतात. तसंच कर. पुढचा आडवा पाइप सांगाड्यापासून कापून सुटा कर, दोन्ही मोटरा त्याच्यावरच ठेव आणि मधोमध १२ मिलिमीटरच्या बोल्टवर गनमेटलचं बुश (भोकात बसणारी नळी) घालून झुलता बसव. दोन्ही टोकांना रबराचे स्टॉपर लाव, झोका चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. बुश मी फिरवून देतो.

जुनी ऑपरेटर:
काकांनी सांगितलंय ते करच. मी त्यात दोनच गोष्टी घालते. २०२२ ला दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोबोकॉन झालं, खेळ आपली लगोरी. तेव्हा मी आमच्या कॉलेजच्या टीममध्ये रोबो चालवायचे. सगळा सराव लॅबच्या टाइल्सवर केला आणि रंगवलेल्या मैदानावर रोबोची पकड वेगळीच निघाली. नियमपुस्तकात मैदानाचं साहित्य आणि रंग दिलेला असतो. तसा आठ बाय चार फुटी प्लायचा एक तुकडा आजच रंगवून घ्या.

दुसरं, ग्रब स्क्रू, म्हणजे चाकाचा हब मोटरच्या शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू. गोल शाफ्टवर नुसता आवळला तर घसरतोच. शाफ्टला कानशीनं सपाट खाच करा, निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा आणि शाफ्टपासून हबपर्यंत मार्करनं एक रेघ मारा. प्रत्येक मॅचनंतर रेघ तुटलीय का बघायचं. आमची अख्खी एक मॅच त्या एवढ्याशा स्क्रूपायी गेली, अजून जिवाला लागतं.

तिसरं वर्ष मेकॅनिकल:
काका, पट्ट्या ओढल्या. पुढची उजवी अलगद निघाली, मागची डावीही जवळपास तशीच. दोऱ्यांमध्ये दोन मिलिमीटर फट, म्हणजे कोपरा चार मिलिमीटर वर! प्रोग्रॅमिंगवाली पोरं स्वतः वाकून बघत होती. काल रात्री पुढचा पाइप कापला आणि तात्पुरता साध्या बोल्टवर झुलता बसवला. आडवा सरकवला तर फरशीच्या रेघेला धरून तीन मीटर गेला, तोंड फिरलं नाही. तीन रात्रींनंतर पहिल्यांदाच सगळे घरी जाऊन झोपले. बोल्ट मात्र भोकात खडखडतोय. बुशसाठी शनिवारी आलो तर चालेल का? ताई, प्लाय आणलाय, आज रंगवतोय.

उद्यमनगरचा लेथवाला:
शनिवारी दहाला या. बोल्ट आणि कापलेला पाइप दोन्ही आणा, भोक बघितल्याशिवाय बुशचं माप घेत नाही. दुसरा रोबो अजून वेल्डिंगला गेला नसेल तर त्याचे पाइपही घेऊन या. टॅक माझ्यासमोर मारू.