कोल्हापुरात जनसंपर्काचे काम करणाऱ्यांसाठी दरमहा भोजन-व्याख्यान सुरू करायचे आहे : अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे

करवीरकन्या

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरातील एका सहकारी बँकेचे जनसंपर्काचे काम पाहते. शहरातील रुग्णालये, शिक्षणसंस्था, साखर कारखाने, दूध संघ आणि शिरोली, गोकुळ शिरगाव येथील उद्योग यांत हेच काम करणारी पुष्कळ मंडळी आहेत. पण आमची गाठ पडते ती पत्रकार परिषदेच्या दारात किंवा एखाद्या उद्घाटनाच्या मांडवात, आणि तिथे कामाविषयी निवांत बोलायला कुणालाच सवड नसते. शिवाय बहुतेक जण आपापल्या संस्थेत या कामाला एकटेच असतात. एखाद्या बातमीला उत्तर द्यावे की गप्प बसावे, अध्यक्षांनी स्वतः बोलावे की व्यवस्थापकीय संचालकांनी, असे प्रश्न पडले की विचारायला शेजारचे टेबल नसते.

अमेरिकेत १९४७ साली स्थापन झालेल्या पीआरएसए या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेच्या शहरशाखा दुपारच्या जेवणाला जोडून व्याख्याने घेतात. त्याच धर्तीवर, पण आपल्या गावाला पेलेल असे काही आम्ही काही जण सुरू करू पाहत आहोत. माझी खरी चिंता पैशांची नाही. आपल्याकडे कोणताही कार्यक्रम दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि आभार यांतच संपतो आणि व्याख्यानाला उरलेला वेळ मिळतो, ही आहे. वेळ कोणती ठेवावी, विषय कसे निवडावेत, वक्ता कोण असावा आणि पत्रकारांना बोलवावे की नाही, याबद्दल ज्यांनी असे कार्यक्रम जवळून पाहिले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

भोगावतीकाठ

ताई, उपक्रम अत्यंत गरजेचा आहे. मी एका साखर कारखान्यात हे काम करून निवृत्त झालो, त्यामुळे आधी दिनदर्शिकेविषयी लिहितो, कारण चांगले उपक्रम बंद पडतात ते बहुधा तिथेच. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसदराच्या आंदोलनांपासून पहिल्या उचलीपर्यंत, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्यापर्यंत, रोज काही ना काही घडत असते आणि कारखान्याचा माणूस दुपारी दोन तास मोकळा होत नाही. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकायच्या असतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात बँका, पतसंस्था आणि दूध संघ यांची माणसे अहवाल आणि सभेच्या बातम्या यांत बुडालेली असतात. त्यानंतर लगेच नवरात्र आणि दसरा येतो. तेव्हा बारा महिन्यांचा हट्ट धरू नका. जे महिने खरोखर मोकळे आहेत तेवढेच घ्या, पण घेतलेला महिना चुकवू नका.

वेळ दुपारची पावणेएक ते सव्वादोन ठेवावी. जेवण आधी आणि व्याख्यान नंतर, हा क्रम मोडू नये; ताटे वाजत असताना बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्यांचा दोघांचाही अवमान होतो. जेवण साधे शाकाहारी असावे. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आणि श्रावण असे सगळे सांभाळत बसलात तर तांबड्या-पांढऱ्यासाठी सर्वांना चालणारा वार सापडणार नाही, आणि सापडला तरी त्या जेवणानंतर कुणाला ऐकवत नाही. जागा कावळा नाक्याच्या आसपास पाहावी. शिरोलीहून आणि उचगावच्या बाजूने येणाऱ्यांना शहराच्या गर्दीत शिरावे लागत नाही.

आता सत्काराविषयी. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ पहिल्या दिवसापासून वर्ज्य करावेत, आणि ते निमंत्रणपत्रातच लिहावे. पुढे कधीतरी बंद करू म्हटले तर ते कधीच बंद होत नाही, कारण मधल्या काळात ज्यांचा सत्कार झाला त्यांच्यानंतरच्या वक्त्याला तो अपमान वाटतो. वक्त्याचा परिचय दोन वाक्यांचा असावा. व्याख्यान वीस-पंचवीस मिनिटांचे आणि प्रश्नोत्तरे त्याहून थोडी जास्त, असे प्रमाण ठेवावे. महाराष्ट्राला व्याख्यान ऐकण्याची सवय नाही असे मुळीच नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते. पण ती सर्वसाधारण श्रोत्यांसाठी आहे. इथे ऐकणारा प्रत्येक जण त्याच कामातला आहे, म्हणून वक्त्याने ‘जनसंपर्काचे महत्त्व’ सांगण्यात एक मिनिटही घालवू नये.

विषयाची एकच कसोटी मला पटते : वक्त्याला कधीतरी एक अवघड निर्णय घ्यावा लागला होता आणि तो कसा घेतला हे त्याने सांगावे. २०१९ च्या ऑगस्टमधील महापूर हा आपल्या गावासाठी असा विषय आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद राहिला. पाणी किती फुटांवर आहे, हा आकडा त्या दिवसांत सर्वांकडे पोचत होता. पण व्हीनस कॉर्नरच्या किंवा शाहूपुरीच्या माणसाला हवे होते ते दुसरेच : आपल्या गल्लीत पाणी येणार का, आणि येणार असेल तर सामान कधी हलवायचे. आकडा सांगणे आणि त्या आकड्याचा अर्थ रहिवाशाला कळेल असा सांगणे, यांत जे अंतर आहे ते भरून काढणे हेच आपले काम आहे. त्या काळात रुग्णालयात, दूध संघात किंवा महापालिकेत जे माहितीच्या कामावर बसले होते, त्यांच्यापैकी कुणी मोकळेपणाने बोलले तर शिकणाऱ्यांना पुस्तकांतील परदेशी उदाहरणांपेक्षा कितीतरी अधिक मिळेल.

रात्रपाळी

मी दैनिकात काम करतो, म्हणून पत्रकारांच्या प्रश्नापुरते लिहितो. मॅडम, आम्हाला वक्ता म्हणून जरूर बोलवा; श्रोता म्हणून सरसकट बोलवू नका. समोर बातमीदार बसले आहेत हे दिसताच तुमचा वक्ता तेच बोलेल जे प्रसिद्धीपत्रकात लिहिले असते, आणि त्यासाठी कुणी दुपार खर्च करू नये.

बंद दाराआडच्या चर्चेसाठी लंडनच्या चॅथम हाउस या आंतरराष्ट्रीय विषयांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत १९२७ साली तयार झालेला नियम जगभर वापरला जातो : तिथे मिळालेली माहिती वापरण्यास मोकळीक असते, मात्र ती कोणी सांगितली आणि त्या बैठकीला कोण उपस्थित होते हे उघड करायचे नसते. हा नियम प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मोठ्याने वाचून दाखवावा. त्याबरोबर आणखी एक बंधन आपल्या गावासाठी आवश्यक आहे, ते म्हणजे बैठकीतले छायाचित्र किंवा वक्त्याचे वाक्य व्हॉट्सॲपच्या गटात टाकायचे नाही. कोल्हापूर एवढे मोठे नाही की ‘एका रुग्णालयातील अधिकाऱ्याने सांगितले’ म्हटल्यावर तो अधिकारी कोण हे कुणाला कळणार नाही.

पत्रकार वक्ता असेल त्या दिवशी त्याला हे विचारा : तुमच्याकडे येणाऱ्या प्रसिद्धीपत्रकांपैकी कोणती तुम्ही वाचता, आणि न वाचलेल्यांत काय असते? माझ्या टेबलावरचे सांगतो. पहिल्या परिच्छेदात मान्यवरांची नावे असतात, दुसऱ्यात त्यांची मनोगते, आणि वाचकाच्या उपयोगाची एकमेव गोष्ट, म्हणजे कर्जाचा नवा व्याजदर किंवा शिबिराची तारीख, शेवटच्या ओळीत असते. पान लावायच्या घाईत पत्रक कापले जाते ते खालून. संध्याकाळी उशिरा आलेल्या मजकुराला तर पुन्हा लिहून घ्यायलाही माणूस नसतो. तुमची मंडळी हे सगळे एका दुपारी प्रत्यक्ष नमुने समोर ठेवून पाहतील तर दोन्ही बाजूंचे काम सुधारेल. भेटवस्तू मात्र देऊ नका. जेवणाचे ताट आणि ऐकणारी माणसे एवढे आम्हाला पुरे आहे.

पेठेतला मुंबईकर

मूळचा शिवाजी पेठेतला, सध्या मुंबईत एका जनसंपर्क सल्लागार कंपनीत आहे. वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत. मी एक विषय सुचवतो, तो मोजमापाचा. आपल्याकडे अजूनही बातमीची कात्रणे चिकटवून, स्तंभ-सेंटिमीटर मोजून, त्याला जाहिरातीच्या दराने गुणून ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी मिळाली’ असा अहवाल संचालक मंडळापुढे ठेवला जातो. २०१० साली बार्सिलोना येथे या क्षेत्रातील संस्थांनी जी तत्त्वे मान्य केली, त्यांत जाहिरातमूल्य हे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रतिकूल बातमीनेही जागा व्यापलेली असते, आणि त्या हिशेबात तीही जमेच्या बाजूला पडते. एवढे एक कारण पुरेसे आहे. बँकेच्या बाबतीत ठेवीदारांच्या तक्रारी किती घटल्या, अफवा पसरली त्या आठवड्यात किती जणांनी ठेवी मोडल्या आणि खुलाशानंतर किती थांबले, ही मोजणी कठीण असली तरी खरी असते. यावर बोलायला जनसंपर्कवाला नको. एखाद्या संस्थेचा मुख्य कार्यकारी अधिकारी बोलवा आणि त्याला विचारा की आमच्या अहवालातील कोणता आकडा तुम्ही कधी उपयोगात आणला.

दुसरा विषय कोल्हापुरी चपलेचा. २०१९ साली तिला महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशाच चपला मांडल्या, त्यांचे मूळ सांगितले नाही, आणि टीका झाल्यावर भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. त्या दिवसांत सर्व प्रसारमाध्यमांना चपला बांधणाऱ्या कारागिराचे म्हणणे हवे होते. ज्यांच्याकडे प्रवक्ता नाही, कार्यालय नाही, अशा माणसांची बाजू त्यांच्याच शब्दांत आणि त्यांचा वापर न होऊ देता कशी मांडावी, हा आपल्या व्यवसायातला मला सर्वांत कठीण वाटणारा प्रश्न आहे. त्या बैठकीला वक्ता सुभाषनगरातला कारागीर असावा आणि आपण सर्वांनी ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

संस्थात्मक बाजूसाठी एक सूचना. भारतात १९५८ साली स्थापन झालेली पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे आणि तिच्या शहरोशहरी शाखा आहेत. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत पहिली अखिल भारतीय जनसंपर्क परिषद भरली आणि व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली गेली. त्याची आठवण म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन पाळला जातो. स्वतंत्र मंडळाची नोंदणी करण्याच्या भानगडीत पडण्याआधी या सोसायटीशी पत्रव्यवहार करावा. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातील विद्यार्थ्यांसाठीही दर वेळी काही ताटे राखून ठेवावीत आणि त्यांचा खर्च सर्वांनी वाटून घ्यावा.

करवीरकन्या

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आम्ही पहिली बैठक पावसाळ्याआधी, जूनच्या सुरुवातीला घेण्याचे ठरवत आहोत आणि विषय महापुरातील माहितीचा असेल. शाल-श्रीफळ नाही, छायाचित्र नाही, आणि चॅथम हाउसचा नियम निमंत्रणपत्रातच छापला जाईल. एक शंका उरते. काही संस्थांनी जेवणाचा खर्च प्रायोजक म्हणून उचलण्याची तयारी दाखवली आहे. ते स्वीकारावे का?

भोगावतीकाठ

ताई, स्वीकारू नये. ज्या संस्थेने जेवण दिले तिच्या एखाद्या प्रकरणावर त्या टेबलाशी कुणी प्रश्न विचारणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तिचा फलक व्यासपीठामागे लागेल. प्रत्येकाने आपल्या ताटाचे पैसे स्वतः द्यावेत. वक्त्याच्या आणि विद्यार्थ्यांच्या ताटाचा भार वाटून घ्यावा. बाहेरगावच्या वक्त्याला येण्याजाण्याचा खर्च द्यावा, मानधन नको. सदस्याच्या संस्थेने ती रक्कम प्रशिक्षणखर्चात धरली तर हरकत नाही, मात्र पावती सदस्याच्या नावाने फाडावी. पहिल्या बैठकीसाठी पूरकाळात नियंत्रण कक्षात बसलेले एक निवृत्त अधिकारी माझ्या परिचयाचे आहेत. त्यांची संमती असेल तर त्यांचा संपर्क आपल्याला खासगी संदेशाने कळवतो.