लेझरच्या आकड्यावरून दाढ कोरायची का? मदत हवी आहे
मुलगी 9 वर्षांची, पक्क्या दाढेच्या खाचेत डेंटिस्टनी डायग्नोडेंट लावलं (कीड शोधायचा पेनसारखा लाल लेझर, 0 ते 99 आकडा दाखवतो, आकडा जास्त तर किडीची शंका जास्त), रीडिंग 28 आलं. एक्सरे क्लीन, खड्डा नाही, ठणका नाही, फ्लोराइडची पेस्ट आधीपासून चालूच आहे. पण खाचेतली सुरुवातीची कीड एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, आणि लेझरचा आकडा नुसत्या डागानेही फुगतो, म्हणून दाढ साफ करून परत मोजायला लावलं तर 22, म्हणजे अधांतरीच! एक डॉक्टर म्हणतात सीलंट (न कोरता खाच बंद करणारा पातळ थर) पुरे, दुसऱ्या म्हणतात थोडं कोरून फिलिंगच करा. कोरलेला दात काय परत येत नाही, त्यामुळे मला घाई नकोय. नुसतं सीलंट लावून वाट बघितली तर चालेल का, आणि सीलंट लावल्यावर त्याच लेझरचं रीडिंग भरवशाचं येतं का?