बांधावरची रुई अंगणात जगत नाही, काय करावे?

प्रश्न (अमळनेर)

नमस्कार. घरामागच्या दोन गुंठे जागेत मी मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी झाडे लावत आहे. मोनार्क फुलपाखराच्या अळ्या ज्यावर वाढतात ते चिकाचे झाड, म्हणजे मिल्कवीड, मागितल्यावर रोपवाटिकेतून मला लाल-पिवळ्या फुलांची हळदीकुंकू मिळाली; ती मूळची अमेरिका खंडातील असल्याचे नंतर वाचनात आले. त्याच कुळातली आपली रुई, म्हणून बांधावरची कमरेएवढी तीन झाडे खणून आणली, परंतु आठ दिवसांत तिन्ही वाळली. बांधावर कुणी पाणी घालत नसताना फोफावणारे झाड अंगणात का जगू नये? शिवाय घरात चार वर्षांची नात आहे, तेव्हा ते लावणे कितपत योग्य ठरेल?

उत्तर (शिरपूर)

ताई, रुईचे सोटमूळ खोल जाते आणि मोठे झाड खणताना ते हमखास तुटते. आपली झाडे त्यामुळेच गेली असावीत. उन्हाळ्यात रुईची फळे तडकून म्हाताऱ्या उडू लागतात, तेव्हाच बी गोळा करावे आणि पहिल्या पावसानंतर जिथे झाड हवे तिथेच पेरावे. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळून जागा थोडी उंच घ्यावी. बी मिळाले नाही तर अंगठ्याएवढ्या जाडीची फांदी कापून, चीक वाळेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत ठेवून मग लावता येते.

नातीविषयीची आपली काळजी रास्त आहे. रुईचा चीक विषारी असतो आणि डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते, त्यामुळे झाड खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाकडेला असावे. चीक डोळ्यात गेलाच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

उत्तर (शहादा)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एक भर घालतो. मोनार्क फुलपाखरू अमेरिकेतले. आपल्याकडे रुईवर अंडी घालते ते त्याचे नातलग प्लेन टायगर. त्याची अळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची असते आणि तिच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या दिसतात. पान खाण्याआधी ती त्याची शीर कुरतडून चीक वाहू देते. सकाळी शांतपणे बसून हे अवश्य पाहावे. चिकातले विष तिच्या अंगात साठते आणि पक्षी तिला टाळतात. पाने चाळणीसारखी झाली म्हणून कृपया घाबरू नये, कारण आपण रुई त्यासाठीच लावत आहात आणि तिला पुन्हा पालवी फुटते.

कुंपणावर उतरण आणि हिरणदोडी हे वेलही चढवावेत. हिरणदोडीवर ब्लू टायगरच्या अळ्या वाढतात. जवळ खुळखुळा हे रानझुडूप असल्यास या फुलपाखरांचे नर त्यावर हटकून येतात.

उत्तर (धुळे)

रुईवर पिवळा मावा येतोच. कपाशीवर मारतो तेच औषध कुणी सहज फवारतो आणि माव्याबरोबर अळ्याही मरतात, म्हणून मावा पाण्याच्या धारेने झाडावा. अळ्या असलेली पाने तेवढी वगळावीत. शेजारच्या शेतात फवारणी होत असेल, तर झाडे वाऱ्याच्या आडोशाला लावावीत.

शनिवारी मारुतीच्या माळेसाठी आपल्या झाडाची पाने नेणाऱ्यांना प्रत्येक पान उलटून पाहायला सांगावे. खसखशीच्या दाण्याहून किंचित मोठे, दुधी रंगाचे एकुलते अंडे पानाच्या खालच्या बाजूस चिकटलेले दिसले, तर ते पान झाडावरच राहू द्यावे.