भरती-ओहोटीच्या प्रवाहावरील टर्बाइन: बेळगावच्या फौंड्रींनी यात उतरावे का?

उद्यमबागकर (धागाकर्ता):
समुद्रात बंधारा न घालता, भरती-ओहोटीच्या वाहत्या प्रवाहातच टर्बाइन बुडवून वीज काढण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. स्कॉटलंडच्या पेंटलंड फर्थमध्ये मेजेन प्रकल्पाची प्रत्येकी दीड मेगावॅटची चार टर्बाइन बसली आणि ऑर्कनी बेटांपाशी २०२१ साली २ मेगावॅटचे तरंगते यंत्र उभे राहिले. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या वारा पडला की थांबतात. भरतीच्या वेळा मात्र पंचांगासारख्या कित्येक वर्षे आधी मांडता येतात. पंप-व्हॉल्व्हची ओतकामे रोज करणाऱ्या आपल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीला टर्बाइनचा हब (पाती जिथे बसतात तो मधला भाग) आणि गिअरबॉक्सचे आवरण जड जाऊ नये, म्हणून मागणीची वाट न पाहता आपण तयारीला लागावे, असे माझे मत आहे.

खानापूरकर:
साहेब, पंचांगात पौर्णिमेबरोबर अष्टमीही असते. उधाणाला जो प्रवाह धावतो, तो भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या) दिवसांत मंदावतो, आणि प्रवाहातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग निम्मा झाला की ती आठव्या हिश्श्यावर येते. सेकंदाला अडीच मीटर वेगाच्या समुद्रप्रवाहात एका चौरस मीटरमागे सुमारे ८ किलोवॅट शक्ती असते; एक मीटर वेगाला जेमतेम अर्धा किलोवॅट, आणि टर्बाइनच्या हाती त्यातलाही अंशच लागतो. चोर्ला घाट उतरून आपण गोव्याच्या ज्या समुद्राला जातो, तिथे भरती-ओहोटीतला फरकच दोनेक मीटरचा आहे. राहता राहिली खंबात आणि कच्छची आखाते. त्यातच ब्रिटनच्या २०२२ च्या लिलावात या विजेला मेगावॅट-तासाला १७८.५४ पौंड दर द्यावा लागला, तर समुद्री पवनविजेला ३७.३५ (दोन्ही २०१२ च्या किमतींनुसार). सुंदरबनातील दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॅटचा प्रकल्पही खर्चापायीच बारगळला. गिऱ्हाईक कोण?

उद्यमबागकर:
दुर्गादुआनी बंधाऱ्याचा प्रकल्प होता, मुक्त प्रवाहाचा नव्हे. ते उदाहरण इथे लावणे योग्य नाही. दराचा मुद्दा मात्र मान्य. मी वीज विकायची म्हणत नाही, भाग विकायचे म्हणतो.

निपाणीकर:
समुद्र दूर आहे तर घटप्रभेच्या कालव्यात छोटी टर्बाइन का लावू नयेत?

खानापूरकर:
कालव्याचा वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो, नाहीतर काठ धुपतात. वरचाच घनाचा हिशेब तिथे लावून पाहावा. शिवाय आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) संपले की कालवा कोरडा. गोकाकला धबधब्याच्या उंचीवर वीज झाली, ती गोष्ट निराळी.

मच्छेकर:
मी मशिनिंगवाला, म्हणून खालच्या टोकाकडून बोलतो. गेल्या वर्षी पंपाची एक केसिंग बाहेरून आरशासारखी दिसत होती, पण सीलच्या बैठकीवर शेवटचा कट घेताना मोहरीएवढे ब्लो होल (ओतताना वायू अडकून राहिलेले छिद्र) उघडे पडले आणि तीन दिवसांचे काम भंगारात गेले. विहिरीवरचा पंप गळला तर माणूस पाना घेऊन जातो. समुद्रतळावर तेवढ्यासाठी जहाज आणि क्रेन लागते, तीही प्रवाह थबकतो त्या थोड्या वेळात. मेजेनचे एक टर्बाइन मोठ्या अनियोजित दुरुस्तीविना सहा वर्षांहून अधिक चालले, ते अशाच बैठकींच्या आणि बेअरिंगच्या जोरावर. खानापूरकरांचा हिशेब मला पटतो, तरीही एक्स-रे तपासणी आणि खाऱ्या पाण्यात टिकणारा मिश्रधातू या दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत, कारण त्या सागरी पंपांनाही लागतात. हबच्या पॅटर्नवर (साचा घडवण्याच्या नमुन्यावर) मात्र ऑर्डर हातात येईपर्यंत मी एक रुपयाही घालणार नाही.