५०२ येतो आणि आपोआप जातो, तीन लॉगमध्ये तीन वेगळ्या गोष्टी

रात्रपाळी:
मंडळी, एक लिनक्स सर्व्हर गळ्यात पडलाय, पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), मागे ॲप आणि मायएसक्यूएल डेटाबेस. मधूनच दोनेक मिनिटं ५०२ (बॅड गेटवे, म्हणजे मागच्या ॲपकडून धड उत्तर नाही) येतो आणि मी लॉगिन करेपर्यंत सगळं परत सुरळीत. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये ही ओळ सारखी दिसते (अपस्ट्रीम म्हणजे मागचं ॲप):

[एरर] २१४३#२१४३: *५७८१ कनेक्ट() फेल्ड (१११: कनेक्शन रिफ्यूज्ड) व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम

आणि मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये "[नोट] एबॉर्टेड कनेक्शन... गॉट ॲन एरर रीडिंग कम्युनिकेशन पॅकेट्स" अशा ढीगभर ओळी, पण त्यांची वेळ भलतीच, तासांचा फरक. मला वाटलं डेटाबेसच कनेक्शन तोडतोय म्हणून मॅक्स कनेक्शन्स वाढवून बघितले, फरक शून्य. ते हॅश आणि स्टारवाले आकडे काय असतात, आणि सुरुवात नेमकी कुठल्या लॉगपासून करायची?

टर्मिनलवाला:
हॅशच्या आधी वर्करचा (एनजिनएक्सच्या काम करणाऱ्या प्रोसेसचा) प्रोसेस आयडी, नंतर थ्रेड आयडी, बहुतेक वेळा दोन्ही सारखेच असतात म्हणून विचित्र दिसतं. स्टारनंतर कनेक्शनचा अनुक्रमांक, तो ग्रेप केला (लॉगमध्ये शोधला) की त्या एका कनेक्शनबद्दल एनजिनएक्सने जे काही लिहिलंय ते सगळं एकत्र मिळतं.

पण खरा माल कंसात आहे राव. १११ हा एनजिनएक्सचा आकडा नाही, तो लिनक्सचा एरर नंबर आहे, म्हणजे त्या पोर्टवर ऐकायला कुणी नव्हतंच. ॲप नुसतं स्लो असतं तर ११० टाइम्ड आउट दिसला असता आणि ब्राउझरला ५०४ (गेटवे टाइमआउट) गेला असता, चालू कनेक्शन मधेच तुटलं असतं तर १०४. तुमचं ॲप अडकलेलं नव्हतं, मेलेलं होतं. आणि आपोआप परत येतंय म्हणजे सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिसेस चालवणारा प्रोग्राम) त्याला उठवतोय, सर्व्हिस फाइलमध्ये रीस्टार्ट=ऑलवेज असणार बघा, ती दोन मिनिटं म्हणजे ॲपचा बूट व्हायचा वेळ.

जुना_ॲडमिन:
वरच्याला +१. डेटाबेसला उगाच आरोपी करू नका. त्या ओळीत टाइमस्टॅम्पच्या शेवटी झेड आहे का बघा, असेल तर ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे. मायएसक्यूएल ५.७ पासून डीफॉल्टच तसं आहे, लॉग_टाइमस्टॅम्प्सला सिस्टम दिलं की सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे लिहायला लागतो. वेळ जुळवली की त्या ओळी बरोबर ५०२ सुरू झाला तिथेच पडलेल्या दिसतील, कारण समोरचा क्लायंट निरोप न घेता गेला की डेटाबेस हेच लिहितो. शिवाय लेव्हल बघा की, नोट आहे, तो बिचारा तक्रारसुद्धा करत नाहीये.

आता जर्नलसीटीएल -के मारा (कर्नलचा लॉग दिसतो) आणि त्या वेळेच्या आसपास "ओओएम" (आउट ऑफ मेमरी, म्हणजे मेमरी संपली) शोधा. डीमेसेज (कर्नलचा लॉग दाखवणारी दुसरी कमांड) वापरणार असाल तर कंसातले आकडे बूट झाल्यापासूनचे सेकंद असतात, कॅपिटल -टी दिलं की तारीख-वेळ दिसते.

रात्रपाळी:
झेड होतं! वेळ तंतोतंत जुळली. आणि कर्नल लॉगमध्ये सापडलं पण, जर्नलसीटीएलला -पी एरर (फक्त एरर आणि त्याहून गंभीर ओळी) लावून बघितलं तर एकच ओळ, "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस" आणि पुढे आमच्या ॲपचं नाव. पण फिल्टर काढला तर त्याच्या वर "जीझिप इन्व्होक्ड ओओएम-किलर" असं आहे, तो आमचा बॅकअप. मग गुन्हेगार जीझिप ना? बॅकअप बंद करून टाकू का?

जुना_ॲडमिन:
नका हो. इन्व्होक्डवाल्या ओळीत फक्त कोणी मेमरी मागितली तेव्हा डबा रिकामा निघाला एवढंच असतं, आणि जीझिप स्वतः फार कमी मेमरी खातो. मारायला कर्नल साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला निवडतो, म्हणून ही दोन नावं बरेचदा वेगळी असतात आणि लोक हमखास चुकीच्या नावामागे लागतात.

या दोन ओळींच्या मध्ये प्रोसेसचं एक मोठं टेबल असतं. -पी एररने ते गाळलं, कारण सिसलॉगच्या ० ते ७ लेव्हलमध्ये (आकडा लहान तितकी ओळ गंभीर) एरर ३ आहे, इन्व्होक्डवाली ओळ वॉर्निंग म्हणजे ४ आणि टेबल इन्फो म्हणजे ६. कुठल्या ओळीला कुठली लेव्हल द्यायची हे कोड लिहिणारा ठरवतो, तुम्हाला काय उपयोगी पडेल ते त्याला कसं कळणार, त्यामुळे आधी वेळेवरून कापा आणि लेव्हलचा फिल्टर सगळ्यात शेवटी. टेबलातला आरएसएस (प्रोसेसने रॅममध्ये प्रत्यक्ष धरलेली मेमरी) कॉलम पेजेसमध्ये (मेमरीचे ठराविक तुकडे) असतो, केबीमध्ये नाही, साध्या इंटेल-एएमडी मशीनवर केबीसाठी ४ ने गुणा. लोक न गुणताच "ॲप तर एवढुसंच आहे" म्हणून मोकळे होतात.

टर्मिनलवाला:
अजून एक, ॲक्सेस लॉगमध्ये ५०२ च्या आधी ४९९ वाढलेत का बघा. हा एनजिनएक्सचा स्वतःचा कोड, एचटीटीपीच्या स्टँडर्डमध्ये नाही, उत्तर यायच्या आत क्लायंटनेच कनेक्शन बंद केलं असा अर्थ. ॲप मरायच्या आधी किती वेळ धापा टाकत होतं ते तिथून कळेल. लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट_टाइम (एकूण लागलेला वेळ) आणि अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम (ॲपने घेतलेला वेळ) टाकून ठेवा, डीफॉल्ट कंबाइंड फॉरमॅटमध्ये हे दोन्ही नसतात आणि नंतर फार जीव जातो.

रात्रपाळी:
४ ने गुणलं, निम्मी रॅम एकटं ॲपच खाऊन बसलंय. टेबल इथे टाकतो, आयपी वगैरे पुसून.