मदत हवी आहे: एकच औषध, दोन नावं. गावासाठी गोळ्यांची वही कशी करावी?

जांबोटीकडची

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. विषय आत्यापासून सुरू झाला, आता गल्लीभर झालाय.

आत्या ७२ वर्षांची, शुगर आणि बी.पी. दोन्ही. गणपतीनंतर तीन महिने म्हापशाला मुलाकडे राहिली. तिथल्या डॉक्टरांनी शुगरची गोळी लिहून दिली. गावी परतल्यावर तिने बेळगावच्या डॉक्टरांची जुनी गोळीही सुरू केली, कारण डब्यात पाकीट शिल्लक होतं. नावं वेगळी, रंग वेगळे, आत मात्र दोन्हीकडे ग्लिमेपिराइड. चौथ्या दिवशी पहाटे घामाने निथळत होती, काहीबाही बरळत होती. शेजारच्या काकूंनी बाहेरची बाधा म्हणून नारळ उतरवला. वहिनीला सुचलं आणि तिने साखरेचं पाणी पाजलं, म्हणून निभावलं. बेळगावला नेईपर्यंतही शुगर ५२ होती. दोन दिवस ॲडमिट.

"एकबी गोळी चुकवली नाही गं मी," असं ती अजून सांगते. खरंच चुकवली नव्हती.

डिस्चार्जचा कागद इंग्रजीत. गोळ्या कधी घ्यायच्या ते सिस्टरनी कन्नडमध्ये सांगितलं. आत्याचं कन्नड बाजारापुरतं, 'ऊटद मुंचे' की 'ऊट आद मेले' (जेवणाआधी की नंतर) यात तिचा गोंधळ. सिस्टरचा राग नाही, वॉर्ड भरलेला होता.

बचत गटात हे सांगितलं तर आणखी चार घरांत असलंच काही निघालं. एका घरी बी.पी.ची गोळी दुप्पट. दुसरीकडे रक्त पातळ करायच्या गोळीवर गुडघेदुखीची गोळी, मेडिकलमधून अशीच आणलेली. म्हणून घरटी एक वही करायची ठरवलंय. पण ती कुठल्या भाषेत लिहायची? भरायची कुणी? आशाताईंच्या डोक्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. आणि झालेल्या चुका गावात एकत्र बोलाव्यात का? डॉक्टरांचं नाव निघालं की भांडण ठरलेलं.

निपाणीची सिस्टर (निवृत्त)

आधी साखरेचं. माणूस शुद्धीत असेल, गिळत असेल तरच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. या गोळीने शुगर काही तासांनी परत उतरू शकते, त्यामुळे बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच. तुम्ही नेलंत ते बरोबर केलंत.

वहीत औषधाचं मूळ नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पाकिटावर बघून उतरवा. कंपनीच्या नावापेक्षा मूळ नाव मोठं छापायचा नियम आहे, शाळेतली पोरंसुद्धा लिहितील. खाली मराठीत 'कशासाठी', शेजारी कन्नडमध्येही, कारण रात्री १०८ मधून येणाऱ्यांना ते वाचायचं असतं. वेळेसाठी सूर्य-चंद्र काढा.

आणि एक रकाना 'बंद केलेल्या' गोळ्यांचा, तारखेसकट. सुरू काय केलं ते सगळे लिहितात. बंद काय केलं ते कुणीच लिहीत नाही, आणि तुमची आत्या नेमकी तिथेच अडकली.

कॅम्पातला

आभा कार्ड (सरकारी आरोग्य ओळखपत्र) काढा ना! १४ आकडी नंबर, रिपोर्ट मोबाईलवर. वह्या कसल्या लिहिताय?

जांबोटीकडची

दादा, जुलैत या आमच्याकडे. लाईट असली तर रेंज नसते. रेंज आली तर आत्याला चष्मा सापडत नाही.

सीमावासी_८६५

मूळ दुखणं भाषेचं आहे. मराठीत कागद मागा, हक्काने मागा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जनआरोग्य योजना जाहीर केली, ती कशासाठी?

गडहिंग्लजकर

मागणी रास्तच आहे. पण म्हणजे चिठ्ठ्या आता कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र अशा तिन्ही राज्यांच्या होणार, वहीची गरज उलट वाढली.

चुका एकत्र बोलण्याविषयी. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ च्या सुमारास नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यात कर्नाटकही होतं. महाराष्ट्रात ती पुढे बरीच वर्षं चालली. गावाने सरकारी दवाखान्याचा तक्ता भरायचा, चांगलं ते हिरवं, मधलं पिवळं, वाईट लाल, आणि मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर लोकांनी तक्रारी मांडायची सभा. माझं मत असं, की माणसावर बोट ठेवलंत तर नर्सबाई दुसऱ्या दिवसापासून बोलणं टाकतात. 'औषध नव्हतं', 'कागद समजला नाही' असं मांडलंत तर उत्तर मिळतं. तुमच्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीत हा विषय घ्या. आशाताई तिथे असतातच, वेगळं रजिस्टर नको.

मेडिकलवाला

आमच्याही काउंटरवरची चूक सांगतो. चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख असलेली बाजू बऱ्याचदा आमच्याकडेच राहते. घरी जाते ती बिननावाची गोळी. नाव असलेला तुकडा मागून घ्या. नवीन चिठ्ठी आणताना सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, मी स्वतः जुळवून देतो.

औषधाचा त्रास झाला तर पेशंटलाही कळवता येतं, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे. फॉर्म मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतो.

जांबोटीकडची

सगळ्यांचे आभार. काल गटात ठरलं ते असं: वही घरातच राहणार, गट बघणार नाही. टी.बी.ची किंवा डोक्याच्या आजाराची गोळी कोण घेतं हे गल्लीला कळायचं कारण नाही, आणि ती भीती असली तर लोक वहीत खोटं लिहितील. गटाकडे फक्त 'काय झालं'ची यादी, ना पेशंटचं नाव ना डॉक्टरचं. आमच्या घरची नोंद पहिली: 'दोन पाकिटं, एक औषध.' बारावीतल्या दोन मुली दर रविवारी वह्या उतरवायला फिरणार आहेत. कन्नड शाळेतल्या बाईंनी कन्नड मजकूर तपासून द्यायचं कबूल केलंय.

आत्याची वही आज लिहिली. 'बंद'च्या रकान्यात तीन गोळ्या. त्यातलं एक पाकीट तिने अजून तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलंय, पैसे दिलेत म्हणून. ते तिच्याकडून कसं काढून घ्यावं, यावर कुणाकडे उपाय आहे का?