स्कायरिममध्ये थंडी वाजायला मॉडच लागतं का?

लांबची_वाट
स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या विंटरहोल्ड गावाच्या उत्तरेला समुद्रात हिमनग तरंगतात. मूळ स्कायरिममध्ये त्या पाण्यात कपडे काढून तासभर पोहा, काही होत नाही. बाहेर या, ओले तसेच चालू लागा. २०११ साली पहिल्यांदा खेळताना मला ते खटकलंही नव्हतं.

परवा फ्रॉस्टफॉल हे थंडी आणणारं मॉड, म्हणजे खेळात चाहत्यांनी घातलेली जोड, टाकून तीच जागा गाठली. समोरच्या हिमनगावर काहीतरी दिसलं म्हणून पाण्यात उतरलो. परत किनाऱ्याला लागलो तेव्हा पात्र निथळतंय, वर बर्फाचं वादळ आणि पिशवीत लाकडाची एक ढलपी नाही. पुढची दहा मिनिटं मी नुसता आडोसा शोधत होतो. ना ड्रॅगन, ना क्वेस्ट (खेळातली कामगिरी), आणि तरी त्या खेळात इतका जीव मुठीत धरून मी कधी पळालो नव्हतो.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. ४के टेक्स्चर, प्रकाश-सावल्या खुलवणारं ईएनबी, हलणारं गवत हे सगळं दोन दिवस डोळ्यांना सुखावतं, तिसऱ्या दिवशी दिसेनासं होतं. जुन्या खेळात खरं रमवतात ती आपल्याकडून काहीतरी काढून घेणारी मॉड्स. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून एका झटक्यात पोचणं) काढा, कंपासवरचे वाट दाखवणारे बाण काढा. टाइमस्केल, म्हणजे खेळातल्या काळाचा वेगसुद्धा बदलून बघा. मुळात तो २० असतो, म्हणजे खेळातला अख्खा दिवस आपल्या ७२ मिनिटांत उरकतो. मी १० केला. आता संध्याकाळ हळूहळू उतरते आणि मुक्काम कुठे करायचा याचा विचार दुपारपासूनच सुरू होतो.

खडूस_जादूगार
गोष्ट झकास, पण तिच्या आधीचा भाग गाळलात. त्या थंडीत पोचण्याआधी तुम्ही किती संध्याकाळी लोड ऑर्डर, म्हणजे मॉड्सचा क्रम, लावत बसला होतात?

माझी कहाणी ऐका. १८० मॉड्स. लूट या प्रोग्रामने क्रम लावून दिला, एक्सएडिट या दुसऱ्या प्रोग्राममध्ये मॉड्समधली भांडणं सोडवली. खेळ सुरू केला, तर व्हाइटरन शहराच्या फाटकावरचा पहारेकरी नखशिखांत जांभळा. कुठलंतरी टेक्स्चर सापडत नव्हतं. त्याच्या मागे एक बाई दोन्ही हात आडवे पसरून बुजगावण्यासारखी उभी, कारण तिचं अॅनिमेशन गायब. हे सगळं निस्तरलं. पण त्यानंतर बाजारात कोणी टोपी डोक्यावर ओढली तरी माझ्या मनात पहिला प्रश्न, 'हे कुठल्या मॉडचं?' विंगेत उभं राहून नाटक बघणाऱ्याला राजा दिसत नाही, मिशीचा डिंक दिसतो. यात रमणं कुठे आलं?

लांबची_वाट
१८० कोणी सांगितले होते? माझी २२ आहेत.

सिल्टस्ट्रायडर
मी मॉरोविंडवाला (स्कायरिमच्याच मालिकेतला आधीचा खेळ), २००२ पासूनचा. म्हणून दोघांशीही थोडं भांडतो.

'काढून घ्या' हे ऐकायला छान, पण स्कायरिममधून मार्कर, म्हणजे ते बाण, काढलात तर तुम्ही रमणार नाही, आंधळे व्हाल. माणूस क्वेस्ट देताना म्हणतो, 'अमुक गुहेतून माझी वस्तू आण.' गुहा कुठे आहे, कुठल्या वाटेने जायचं, चकार शब्द नाही. संवाद लिहिले गेले तेच बाण असणार हे धरून.

मॉरोविंडमध्ये सुरुवातीलाच ड्वेमर या लुप्त जमातीची एक पेटी आणायला अर्कंगथांडच्या अवशेषांत जावं लागतं. बाण वगैरे भानगड नाही, तोंडी सांगितलेली वाट. फोयाडा मामाया या दरीवरचा जुना ड्वेमर पूल ओलांडलात की दरवाजा सापडतो, पण उघडत नाही. जवळच्या नळीवर एक दांडा आहे, तो फिरवावा लागतो. मी त्या दारापुढे अर्धा तास डोकं आपटलं होतं. दांडा फिरला, खडखडाट झाला, दार सरकलं. ती जागा मी अजून डोळे मिटून दाखवीन.

त्यामुळे स्कायरिममध्ये मार्कर काढणाऱ्याला आधी वाटांची वर्णनं जर्नलमध्ये घालणारं मॉड टाकावं लागतं. म्हणजे काढण्याआधी भर घालावीच लागते.

एक_तासाचा_वीर
सगळ्यांकडे वेळ भरपूर दिसतोय. मला घर झोपल्यावर एक तास मिळतो. फास्ट ट्रॅव्हल काढलं तर तो तास नुसता चालण्यात जाईल, आणि टाइमस्केल १० केला तर दोन रात्रींत एक दिवससुद्धा पुरता संपणार नाही.

आणि भूक-तहानेच्या मॉड्सबद्दल स्पष्टच बोलतो. ती भूक पट्टीवर दिसते, पोटात लागत नाही. दर काही मिनिटांनी इन्व्हेंटरी (सामानाची यादी) उघडा, काहीतरी गिळा, बंद करा. याला मी हिशेबनिशी म्हणतो.

शिवाय सगळं श्रेय मॉडर्सच्या झोळीत टाकू नका. २०१० च्या फॉलआउट न्यू व्हेगास या खेळात हार्डकोअर मोड मुळातच होता. त्यात भूक, तहान, झोप, गोळ्यांचं वजन सगळं आलं. स्कायरिमलाही २०१७ मध्ये अधिकृत सर्व्हायव्हल मोड मिळाला, ज्यात फास्ट ट्रॅव्हल बंद आणि झोपल्याशिवाय लेव्हल वाढत नाही.

लांबची_वाट
न्यू व्हेगासचा मुद्दा मान्य, तो मी विसरलोच होतो. पट्ट्यांबद्दलही अर्धं मान्य. फ्रॉस्टफॉलमध्ये त्या बंद करता येतात. बंद केल्यावरच मला मजा आली, कारण मग आकड्याकडे नाही, आभाळाकडे बघावं लागतं. तासाभराच्या खेळाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

पुस्तकी_किडा
थंडी, भूक, बाण. लिखाणाबद्दल कोणी बोलेल का?

द फरगॉटन सिटी हे २०१५ चं स्कायरिम मॉड. जमिनीखालचं एक शहर, तिथला नियम असा की एकाने पाप केलं तर सगळे मरतात, आणि तुम्ही त्याच काळात पुन्हा पुन्हा मागे जाता. तिथे मला कोणी गारठवलं नाही. तरी एका घरात शिरून वस्तू उचलताना माझा हात थांबला. मूळ खेळात मी व्हाइटरनची निम्मी घरं धुऊन नेली आहेत, बिनदिक्कत! त्या मॉडला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेखकांच्या गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्याचा स्वतंत्र खेळ झाला. रमायला परिणाम लागतात. थंडी हा त्यातला सगळ्यात सोपा परिणाम.

सिल्टस्ट्रायडर
हे पटलं. चोरी करताना हात थांबणं आणि ओल्या अंगाने आडोसा शोधणं, मुळात एकच आहे.

खडूस_जादूगार
एकच कसं? पहिलं एका लेखकाने विचार करून रचलेलं, दुसरं २२ अनोळखी लोकांच्या फायली एकमेकींवर पडून योगायोगाने घडलेलं. आणि योगायोग टिकत नाही. नोव्हेंबर २०२१ चं अॅनिव्हर्सरी अपडेट आलं तेव्हा स्क्रिप्ट एक्स्टेंडर या मॉड्सना लागणाऱ्या पायाभूत प्रोग्रामवर उभी असलेली किती मॉड्स आडवी झाली, आठवतंय ना?

लांबची_वाट
आठवतंय. म्हणूनच माझी जुनी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये कुलूपबंद आहे. खडूस, एक करा. सगळं पुसा, कोरा स्कायरिम घ्या, फक्त फ्रॉस्टफॉल टाका आणि विंटरहोल्डला जा. पाण्यात पडा. मग बोलू.

खडूस_जादूगार
बसलोय टाकायला. फ्रॉस्टफॉलला कॅम्पफायर हे दुसरं मॉड लागतं. सेटिंग बदलायला स्काययूआय हे मेन्यूचं मॉड लागतं. स्काययूआयला स्क्रिप्ट एक्स्टेंडर. एकाची चार झाली, खेळ अजून उघडलेला नाही.